हिवाळाभर उभी

आधी रस्त्याकडे पाहा.

ऑक्टोबर संपत आला आहे. इंग्लंडमध्ये या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, आणि मग चहाच्या वेळेलाच अंधारून येतं.

रस्ता ओला आहे. झडलेली पानं डांबराला चिकटून बसली आहेत.

एक पिवळी लॉरी सावकाश जाते. तिच्या मागच्या फिरत्या तबकडीतून तपकिरी, खरखरीत काहीतरी उडतं. रेती वाटते. पण ते मीठ आहे.

लॉरी जाऊ द्या पुढे. तुम्ही त्या मिठापाशी थांबा.

इथल्या रस्त्यांवरचं बरंचसं मीठ चेशर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. जमिनीखाली दीडशे मीटर. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी तिथे खारं पाणी पसरलेलं होतं. ते आटत गेलं. पाणी गेलं, मीठ मागे राहिलं. वर मातीचे थर चढले. १८४४ मध्ये कोळसा शोधणाऱ्या लोकांना ते सापडलं.

एवढा काळ ते अंधारात कोरडं पडून होतं. आता त्याला पाणी भेटतं आहे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

मीठ पाण्याला गोठू देत नाही. त्यामुळे गाड्या घसरत नाहीत, माणसं पडत नाहीत. त्याचे उपकारच आहेत. पण न गोठलेलं ते खारं पाणी चाकांबरोबर वर उडतं. मडगार्डच्या आत बसतं. पत्र्याच्या सांध्यांत शिरतं आणि तिथेच राहतं.

लोखंड, पाणी, हवा. वर हे मीठ. गंजाला आणखी काही लागत नाही.

म्हणून गाडी आत घ्यायची, आणि वसंतापर्यंत आतच ठेवायची.

आता गाडीकडे वळा.

दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची एमजीबी. १९६८ची. फिकट पिवळा रंग, तारांची चाकं. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी बनत होत्या. पाच लाखांहून जास्त बनल्या. राजेमहाराजांची गाडी नव्हे ही. पगारदार माणसानं हौसेनं घ्यावी अशी.

नुसतं पाहा. घाई नाही.

हात लावावासा वाटला, तर बॉनेटवर ठेवा. गार लागतं. हे बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्याला तांबडा गंज चढायचा नाही. बाकी जवळजवळ सगळं अंग लोखंडी पत्र्याचं.

आता खाली बसा. दाराशी, गुडघे टेकून.

दाराखाली एक लांब पेटी आहे. पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जाणारी, आतून पोकळ. गॅरेजवाले तिला सिल म्हणतात. या गाडीला वेगळी चासी नाही. वर पक्कं छप्परही नाही. पुढचं इंजीन आणि मागचं धूड यांच्यामधला ताण मुख्यतः या दोन पोकळ पेट्या सोसतात. त्या आतून खचल्या, की गाडी मध्येच वाकते आणि दारं अडकायला लागतात.

बोटाच्या पेरानं पेटीवर टकटक करा.

ऐका.

थोडं पुढे सरका. पुन्हा टकटक.

आवाज खणखणीत येतो आहे. अजून पुढे. अजून पुढे.

एके ठिकाणी आवाज बसका येतो. हात तिथेच राहू द्या.

आत काय आहे ते दिसत नाही. गंज असेल, जुनी लांबी भरलेली असेल, किंवा नुसता चिखल. तुम्हाला फक्त आवाज ऐकू येतो.

इथेच राहू या. या पोकळीपाशी.

डोळे मिटा.

आत अंधार आहे. अरुंद जागा. मधून एक पत्रा उभा गेलेला. दोन्हीकडे गार भिंती. तळाला एक सांधा. सांध्यावर वाळलेला चिखल, कुठल्यातरी गल्लीतला, कुठल्यातरी पावसातला.

त्या चिखलावर एक थेंब आहे.

थेंबाकडे पाहा.

तो कुठे जात नाही. त्याला कुठे जायचंही नाही. रात्र होते, पत्रा गार होतो, थेंब गार होतो. सकाळ होते. थेंब आहे तिथेच आहे. ज्या जागी तो पत्र्याला टेकला आहे, तिथे लोखंडाचा कणभर भाग त्याच्यात उतरतो आहे. आवाज नाही, वास नाही.

श्वास घ्या.

सोडा.

डोळे उघडा.

पेटीच्या तळाला दातेरी पट्टी असते. पाणी आत आलंच, तर खाचांमधून गळून जावं म्हणून ती तशी केलेली आहे. खाचा चिखलानं बुजतात, तेव्हा थेंब अडकतो.

पाठीवर आडवे व्हा. एक तार घ्या, बोथट टोकाची. खाचेत घाला. हलकेच फिरवा.

आधी कोरडी माती पडते. मग ओली. मग तीन-चार थेंब, चहाच्या रंगाचे.

पडू द्या ते.

पुढची खाच. घाई करू नका. पाठीला लागलेली गार फरशी जाणवू द्या. सगळ्या खाचा मोकळ्या झाल्या, की मडगार्डच्या आतल्या कडांवरून बोट फिरवा. तिथेही एक कंगोरा असतो, आणि त्यावर चिखल साठतो. भरपूर साध्या पाण्यानं धुऊन काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

धुऊन झाल्यावर लगेच झाकायचं मात्र नाही. एखादा कोरडा दिवस मिळाला, तर गाडी चालवून आणा. लांबवर न्या. इंजीन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, सगळं नीट तापू दे. वाऱ्यानं सांधे सुकू देत.

पोकळी कोरडी झाली, की तिच्यात पातळ मेण फवारतात. लांब नळी आत घालून. मेण सांध्यांत ओघळतं आणि तिथेच थिजतं. त्याचा वास गॅरेजमध्ये आठवडाभर राहतो. मला तो आवडतो.

आता बॉनेट उघडा.

फेरीवरून आलेलं इंजीन अजून गरम आहे. धातू निवताना बारीक टिकटिकतो. ऐका तो आवाज. थोड्या वेळानं दोन टिकटिकींमधलं अंतर वाढत जातं.

ऑइल याच वेळी, गरम असतानाच काढा. वर्षभर वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी असतं, जळाल्यानंतर उरलेली आम्लं असतात. ती बेअरिंगांपाशी हिवाळाभर कशाला राहू द्यायची? काळी धार डब्यात पडते. आधी जाड, मग बारीक, मग थेंब. शेवटच्या थेंबापर्यंत तिथेच बसा. मग नवं २०-५० ऑइल भरा.

रेडिएटरमधलं पाणी तपासा. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी. एवढ्यावर उणे ३५ अंशांपर्यंत ते गोठत नाही. नुसतं पाणी असेल, तर गोठताना ते फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकवतं.

पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या टाकीत हवा असते, आणि हवेत ओल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडच्या पंपांवर तर २० टक्के. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. कमी इथेनॉलचं मिळालं, तर तेच भरा.

एवढं झालं, की हात पुसा. थोडं थांबा.

डाव्या बाजूला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत, शेजारी शेजारी. एअर फिल्टर सोडवून बाजूला ठेवा. वरचं टोपण फिरवा. त्याला खाली एक काडी आहे, ती अलगद वर ओढून घ्या. ऑइलचा एक थेंब तिच्या टोकाला लोंबतो.

आता कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घाला. आतला पिस्टन वर उचला. पूर्ण वर.

क्षणभर तसाच धरा.

सोडा.

टक्.

पुन्हा उचला. सोडा. टक्.

पिस्टन मोकळा आहे, वाकडा अडकत नाही, आत घाण नाही, एवढं त्या एका आवाजातून समजतं. आता दुसऱ्या कार्ब्युरेटरचा. टक्. दोन्ही आवाज सारखे आहेत का? ऐका. घाई नाही.

ऑइलचे दोन थेंब सोडून टोपण लावा. एअर फिल्टर बसवताना त्याच्या तोंडाशी बारीक जाळी लावून घ्या. थंडीत उंदीर कोरडी जागा शोधत येतात, आणि फिल्टरचा डबा त्यांना फारच पसंत पडतो.

पुढच्या चाकांच्या मागे, किंगपिनवर ग्रीसचे निपल आहेत. ग्रीसगन लावा. दाबा. काही होत नाही. पुन्हा दाबा. मग सांध्यातून काळपट जुनं ग्रीस हळूच डोकावतं. कधी त्याच्याबरोबर पाण्याचा एक मणी येतो. दाबत राहा. नवं, स्वच्छ ग्रीस दिसलं, की थांबा.

बाकीची कामं लहान आहेत.

टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरा, म्हणजे एकाच जागी उभं राहून ते चपटे होणार नाहीत. हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर मागचे ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. चाकांखाली लाकडी ठोकळे लावा. क्लचचं पेडल दाबून, पेडल आणि सीट यांच्यामध्ये एक दांडकं अडकवा. काही जणांना हे पटत नाही. मला पटतं. गंजानं चिकटलेली क्लच प्लेट सोडवणं हे मोठं जिकिरीचं काम आहे.

टप लावून ठेवा, ताणून. घडी घातलेला टप थंडीत आखडतो आणि घडीवर चिरतो. काचा बोटभर उघड्या ठेवा.

सीटच्या मागची फळी उचला. खाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, एकीला एक जोडलेल्या. त्या बाहेर काढा. पूर्ण भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकते. बारीक चार्जरवर लावून ठेवा.

सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबा. आणि एका कागदावर तसं लिहून तो कागद स्टिअरिंगला बांधा. स्मरणशक्तीवर विसंबू नका.

आता कापड.

सुती. मऊ. वारा आरपार जाईल असं. प्लास्टिकचं कधीच नको. त्याच्या आत ओल कोंडते आणि गाडी भिजत बसते. कापडाचं एक टोक धरा. हळूहळू पसरा. बॉनेटचा चढ. काचेची कड. मागचा उतार.

गाडी दिसेनाशी होते. आकार राहतो.

मागे सरका. भिंतीला टेका.

काही करायचं उरलेलं नाही.

बसा.

बाहेर रात्र पडली आहे. थंडी वाढते आहे. श्वास घेतलात की नाकाच्या आत गार लागतं. सोडलात की तोंडासमोर धूसर वाफ दिसते, आणि विरते.

ती वाफ पाहा. ते पाणीच आहे.

या गॅरेजमध्ये पाणी सगळीकडे आहे. हवेत आहे. तुमच्या श्वासात आहे. दिसत नाही, इतकंच.

पुन्हा श्वास सोडा. पाहा.

थंडीनं गाडीचं फारसं बिघडत नाही. कोरडी, कडक थंडी तिला मानवते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली, तर गंज जवळजवळ पेंगतो. जपायचं ते थंडी ओसरल्याच्या सकाळी.

अशी एक सकाळ डोळ्यांसमोर आणा.

चार-पाच रात्री दहिवर पडलं आहे. गाडीचं सगळं लोखंड आतपर्यंत गारठलं आहे. मग एके पहाटे नैऋत्येचा वारा सुटतो, अटलांटिकवरून आलेला, ऊबदार, ओलसर. पक्षी बोलायला लागतात. तुम्हाला वाटतं, चला, दार उघडू, जरा हवा खेळू दे.

उघडू नका.

ती हवा आत आली, की गार लोखंडाला टेकते. टेकली की तिच्यातलं पाणी सुटतं. ब्लॉकला घाम येतो. ब्रेकच्या ड्रमवर धुकं धरतं. आणि त्या पेटीच्या आत, जिच्या तळाशी तुम्ही तार फिरवलीत, तिथे एक नवा थेंब जमतो.

दार लावलेलंच राहू द्या. लोखंडाला सावकाश ऊब घेऊ द्या. दोन दिवस, तीन दिवस. तुम्ही खिडकीतून नुसतं पाहा.

(मुंबईत जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. तिथे मीठ लॉरीनं टाकावं लागत नाही. समुद्रावरचा वारा ते घेऊनच येतो. आणि तिथली ऊबदार ओल चामड्यावर बुरशी धरते. पंचांग निराळं, पाणी तेच.)

जानेवारी.

दिवस लहान. चार वाजता सूर्य मावळतो.

तुम्हाला वाटायला लागतं, एकदा सुरू करून पाहू. पाचच मिनिटं. इंजीनला बरं वाटेल.

हे वाटणं येऊ द्या. त्याच्याकडेही पाहा. कुठे जाणवतं ते? हाताच्या बोटांत? छातीत? किल्ली कुठल्या खणात आहे, हे मनाला पक्कं ठाऊक आहे.

किल्ली खणातच असू द्या.

एक लिटर पेट्रोल जळलं, की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपानं. गाडी तासभर चालली, तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत नाही. गार सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं आणि तिथेच साठतं. काही भाग खाली नव्या ऑइलमध्ये उतरतो. गाडीला बरं वाटत नाही. तुम्हाला वाटतं.

अनेक चांगली माणसं दर रविवारी हे करतात. त्यांच्या सायलेन्सरना फार लवकर भोकं पडतात.

त्यापेक्षा असं करा. आत जा, दार मागे ओढून घ्या. दिवा लावू नका लगेच. उभे राहा.

नाकानं श्वास घ्या. कसला वास आहे? मेणाचा, रबराचा, जुन्या चामड्याचा. पेट्रोलचा वास येत असेल, तर कुठेतरी गळतं आहे. तिकडे लक्ष द्या. कुबट वास येत असेल, तर कापड थोडं उचलून ठेवा. गॅरेजात वीज असेल, तर ओल शोषणारं यंत्र लावा.

उंदराची खुडबुड ऐकू येते का? कान द्या. तुमचाच श्वास ऐकू येतो. मग तोही विसरायला होतो.

आता वाका. ठोकळे काढा. खांद्यानं गाडीला रेटा, हातभर. क्लचचं दांडकं जागेवर आहे, हँडब्रेक सुटलेला आहे, ती निमूट सरकते. टायरचा निराळा भाग जमिनीला टेकतो. ठोकळे परत लावा.

एका स्पोकवर बोट ठेवा. कोरडा आहे?

झालं. या खेपेला एवढंच.

फेब्रुवारी जातो. मार्चमध्ये लॉरी दिसेनाशी होते, पण मीठ रस्त्याच्या कडेला अजून असतं. दोन-तीन मोठे पाऊस पडू द्या. ते रस्ता धुऊन नेतात. डांबर पुन्हा काळं दिसायला लागलं, की गाडीपाशी या.

कापड काढा. झटकू नका, गुंडाळत न्या. वरची धूळ रंगावर ओरखडे काढते.

स्टिअरिंगवरचा कागद वाचा. सायलेन्सरमधलं फडकं काढा. गॅरेजचं दार सताड उघडा. क्लचचं दांडकं काढा. पेडल सावकाश वर येतं का पाहा. बॅटऱ्या जागेवर बसवा. चारही स्पार्क प्लग काढून ठेवा. कॉइलची तार सोडवून ठेवा.

किल्ली फिरवा, फक्त अर्धी.

मागून, उजव्या बाजूनं, आवाज येतो. टिक-टिक-टिक-टिक. पेट्रोलचा पंप. कार्ब्युरेटर कोरडे पडले आहेत, तो ते भरतो आहे. ऐका. टिक-टिक. टिक. टिक.

थांबला.

आता स्टार्टर फिरू द्या. प्लग नाहीत, इंजीन हलकेच घरघरतं. तुमची नजर डॅशबोर्डवर, तेलाच्या दाबाच्या काट्यावर. काटा पडून आहे. बॅटरीला दम देत देत पुन्हा फिरवा. काटा थरथरतो. उठतो. ऑइल वरपर्यंत पोचलं.

प्लग बसवा. कॉइलची तार जोडा. चोक ओढा.

मारा स्टार्टर.

आधी दोनच सिलिंडर पकडतात, मग तिसरा, मग चौथा. मागून धूर येतो, पाण्याचे शिंतोडे उडतात. उडू द्यात. चोक हळूहळू आत घ्या, ब्रेक दोनदा दाबून पाहा आणि गाडी बाहेर काढा. नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं नाही. निदान पाऊण तास चालवा, सायलेन्सरमधून पाणी गळायचं थांबेपर्यंत.